बूट वर्गात आणू नयेत

बुटाचा धडा शिकवायचा तर वर्गात बूट हवा, आणि आमच्या शाळेत बूट वर्गात आणायला बंदी आहे. दारावर तसं ऑइलपेंटनं लिहिलेलं आहे, अक्षर माझंच. त्यामुळे मी तिसरीला ‘शू’ शिकवतो तेव्हा शिकवणारा अनवाणी, शिकणारे अनवाणी आणि शिकवायचा विषय दाराबाहेर पावसात भिजत पडलेला, असा देखावा असतो.

आधी मी फळ्यावर बूट काढून पाहिला. माझ्या चित्रकलेबद्दल शाळेत दोन मतं नाहीत. “हे काय आहे?” विचारल्यावर एकजण म्हणाला, “डोंगा जी.” एक मुलगी म्हणाली, “इस्तरी.” तिसऱ्यानं बराच वेळ मान वाकडी करून पाहिलं आणि “बसलेली कोंबडी” असा निकाल दिला. मी घाईघाईनं लेस काढली.

“आता कोंबडी बांधली जी,” तो म्हणाला.

मग सगळा वर्गच दाराबाहेर नेला. करडी-पालोऱ्याचा हा पट्टा धानाचा. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्याचं हे टोक. एकीकडे वैनगंगा, दुसरीकडे कोक्याचं जंगल. रोवणी सुरू झाली की बांधीतला चिखल पोरांच्या पायांनी शाळेत यायला निघतो आणि नियम पाळून दारापाशी थांबतो. निळ्या पट्ट्याची, लाल पट्ट्याची, हिरव्या पट्ट्याची, सगळ्या स्लिपरा जुलैत एकाच रंगाच्या होतात. त्या ढिगात बूट म्हणावा असा एकही नव्हता. म्हटलं, स्लिपरपासून सुरुवात करू. चिमटीत एक उचलली आणि पुस्तकी वाक्य टाकलं, “व्हूज स्लिपर इज धिस?”

कोणी बोलेना. स्लिपरचं पाणी माझ्या पँटवर गळत होतं.

“कोणाची आहे रे?”

“माझी नाही जी.”

“मग ‘नॉट माइन’ म्हण.”

“नॉट माइन जी.”

“तुझी?”

“नॉट माइन जी.”

अख्ख्या वर्गाचं उत्तर ‘नॉट माइन’. आभाळातून पडल्यासारखा तो ढीग बेवारस झाला. उलगडा नंतर झाला. मागच्या आठवड्यात कोणाची तरी नवी स्लिपर कोणाच्या तरी जुन्या स्लिपरशी बदलली गेली होती, आणि गुरुजी इंग्रजीच्या नावाखाली चौकशी करताहेत असा वर्गाचा समज झाला होता. करडीला पोलीस ठाणं आहे, त्यामुळे जबानी कशी द्यावी याचं ज्ञान गावात लहान वयातच येतं. एकजण तर हात बांधून पुढे आला आणि न विचारता म्हणाला, “मी त्या दिवशी शाळेतच नव्हतो जी.”

शेवटी ढिगाच्या तळातून ती वादातली स्लिपर निघाली आणि दोघांनी तिच्यावर एकदमच झडप घातली. “माइन!” “नाही, माइन!” “इट इज माइन!” हे शेवटचं वाक्य मी शिकवलेलं नव्हतं, ते त्याला कुठून सुचलं, देव जाणे. वर्षभर कविता, कृती, गाणी करून जे इंग्रजी तोंडातून निघालं नाही ते एका रबरी चपलेनं मनापासून बाहेर काढलं.

आमच्या लहानपणी ही सोय नव्हती. राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली, प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी ते पाचवीत भेटायचं. मी पाचवीवाल्या पिढीचा. ‘धिस इज अ पेन’ या वाक्यानं आमचं इंग्रजी सुरू झालं आणि बराच काळ त्या पेनभोवतीच फिरत राहिलं. कपड्यांपर्यंत ते पोचलंच नाही. नोकरी लागल्यावर प्रशिक्षणं झाली. एका प्रशिक्षणात सांगण्यात आलं की शब्द शिकवताना प्रत्यक्ष वस्तू दाखवा, मुलांना ती हाताळू द्या. सांगणाऱ्यांनी जुलैमधली आमची स्लिपर हाताळलेली नव्हती.

म्हणून मी भंडाऱ्याहून कपड्यांचा एक रंगीत तक्ता आणला. तक्त्यावर दोन गोबरी मुलं, मागे बर्फ, बर्फाचाच एक बुवा. मुलांच्या अंगावर जाड कोट, गळ्यात स्कार्फ, हातात ग्लव्ह्ज, पायात गुडघ्यापर्यंत बूट. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास घुटमळतो, त्यामुळे तो तक्ता नुसता पाहूनही घाम यायचा. थंडी पडत नाही असं नाही. पडते, चांगली पडते, आणि तेव्हा आमचा विद्यार्थीही पाहण्यासारखा असतो: अंगात स्वेटर, त्यावर मोठ्या भावाचा स्वेटर, डोक्याला कानटोपी, कानटोपीवरून मफलर, आणि पाय उघडे. घोट्यापर्यंत इंग्रज आणि घोट्याखाली झाडीपट्टीचा.

तक्ता लावून मी ग्लव्ह्जवर छडी ठेवली. “हे कोण घालतं?”

“वेल्डिंगवाला.”

“बूट?”

“पोलीस.” जंगलाकडच्या टोल्यातला एकजण म्हणाला, “फारेस्टवाले.” यावरून थोडी बाचाबाची झाली. शेवटी दोघंही पकडायला येतात एवढ्यावर एकमत झालं.

“टाय?”

“विमावाले काका!”

“सूट?”

“नवरदेव!”

“एप्रन?” इथे मला स्वयंपाकघर हवं होतं, कारण तक्त्यावर तसं होतं. वर्ग एका सुरात म्हणाला, “डॉक्टर!” आणि सुई टोचल्यासारखे हात दंडावर गेले.

“रेनकोट?”

“युरियाची खोळ.” हे उत्तर मी बरोबर दिलं. खताच्या पोत्याचं एक टोक दुसऱ्यात खुपसून डोक्यावर घेतलं की रोवणीचा अख्खा दिवस निघतो. तक्त्यावरच्या त्या पिवळ्या कोटात पाठ वाकवून रोवणी करून दाखवावी कोणी.

मग आला नाइटगाऊन. मी समजावलं, रात्री झोपताना घालतात तो. एक मुलगी उभी राहिली. “आमची मामी दिवसभर घालते जी.”

“घरात घालत असेल.”

“बाजारात जाते घालून. वरून टावेल घेते.”

तिच्यामागे आणखी तिघी उठल्या. त्यांच्याकडेही माम्या, काकू, आत्या होत्या. टॉवेल घेतला की गाऊन दिवसाचा होतो, हा नियम कोणत्याही व्याकरणात नाही, पण तो महाराष्ट्रभर पाळला जातो. माझ्याही घरी पाळला जातो, म्हणून मी पुढच्या चित्राकडे वळलो.

पुढचं चित्र डंगरीचं होतं. छातीपर्यंत आलेली, खांद्याला पट्टे असलेली ती विजार. मला वाटलं, इथे जरा माहिती द्यावी. म्हटलं, “हा शब्द आपल्याकडचाच आहे. मुंबईला डोंगरी आहे, तिथल्या जाड्याभरड्या कापडावरून इंग्रजांनी तो उचलला. पायजमासुद्धा त्यांनी इकडूनच नेला. शाल नेली, खाकी नेली.”

वर्ग गंभीर झाला. एकानं विचारलं, “मग परत नाही आणलं काय जी कोणी?”

दुसरा जास्त व्यवहारी. “आपलंच आहे तर परीक्षेत काहून विचारतात?”

याचं उत्तर मी अजून शोधतो आहे.

पण खरी अडचण एकवचन-अनेकवचनाची. ‘धिस इज अ शर्ट’ इथपर्यंत सगळं सुरळीत चालतं. मग ‘दीज आर ट्राउझर्स’ येतं आणि वर्गात उठाव होतो.

“पँट एकच आहे न जी?”

“एकच आहे, पण इंग्रजीत ती अनेकवचनी असते.”

“काहून?”

“दोन पाय असतात ना तिला.”

“शर्टाले दोन बाह्या असतात.”

मी फळा पुसू लागलो. अडचणीच्या वेळी फळा पुसण्यासारखं साधन नाही; स्वच्छ फळाही मी बराच वेळ पुसू शकतो. मागून आवाज आला, “हाफपँट असली तर ‘इज’ म्हणायचं काय जी?” हा प्रश्न मला आजही तर्काला धरून वाटतो. निम्मीच आहे ती.

हे सगळं चाललेलं असताना गावातली पालकमंडळी इंग्रजीचा वेगळाच शोध लावून बसलेली. त्यांच्या मते इंग्रजी पुस्तकात नसतं, ते टायमध्ये असतं. आमच्याकडे बालवाडीच्या पुढच्या कुठल्याही खासगी शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात. त्यासाठी नन लागत नाही, टाय लागतो. सकाळी कॉन्व्हेंटची गाडी येते. तिच्यातून डोकावणाऱ्या प्रत्येक मुलाच्या गळ्यात इलास्टिकचा, गाठ आधीच मारलेला टाय. एक पालक मला पारावर गाठून म्हणाले, “गुरुजी, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्या शाळेत टाय नाही न, म्हणून पोरगं इंग्रजीत कच्चं राहिलं.”

मी म्हटलं, “टायनं इंग्रजी येत नाही हो.”

“येत नसन, पण दिसते तर.”

मी निरुत्तर झालो. पुढच्या जूनमध्ये त्यांचा मुलगा कॉन्व्हेंटात गेला. दिवाळीत भेटला तेव्हा मी त्याला विचारलं, “काय काय शिकलास?” त्यानं टाय पुढे ताणला, सोडला, गळ्यावर चटकन आवाज काढून दाखवला आणि म्हणाला, “सर, दोघांचा एकदम ओढला तर जास्त वाजते.” त्या शाळेबद्दल माझी तक्रार नाही. प्रत्यक्ष वस्तू हाताळू द्यायचं तत्त्व तिथेही पाळलं जातंय.

टायचं जाऊ द्या, पण बूट आमच्याकडेही आले. 2023 साली राज्यातल्या सरकारी आणि जिल्हा परिषदांच्या शाळांत पहिली ते आठवीच्या सगळ्या मुलांना एक जोडी बूट आणि दोन जोड्या मोजे द्यायचं ठरलं. मुलामागे 170 रुपये. दुकानदारापुढे मी हा आकडा उच्चारला तेव्हा तो चष्म्यावरून बघत म्हणाला, “कोणत्या पायाचा पाहिजे?”

घासाघीस झाली, शेवटी दोन्ही पायांचे मिळाले. त्याआधी मापं घ्यायची होती. जुन्या वहीच्या कागदावर एकेक पाय ठेवून मी पेन्सिल फिरवली. गुदगुल्यांमुळे अर्धे पाय भूकंपाच्या आलेखासारखे आले. एका आजीनं निरोप पाठवला, “गुरुजीले सांगा, दोन बोटं जास्त लिहा. अंग वाढतं आहे.”

हे ‘अंग वाढतं आहे’ आमच्या वस्त्रव्यवहाराचं मूळ सूत्र आहे. झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्री नाटक असतं, आणि पोरांचे नवे कपडे, नवे बूट त्या निमित्तानं घेतले जातात. ते कधीही त्या वर्षीच्या मापाचे नसतात. पहिल्या मंडईला बुटाच्या नाकात कापूस कोंबलेला असतो, दुसऱ्या मंडईला बूट बरोबर होतो, पण तोवर त्याचा तळ गेलेला असतो. म्हणजे बूट आणि पाय यांची गाठ अशी पडतच नाही. तीच गोष्ट शर्टाची. बाह्या दुमडून सुरू होतात आणि मनगटाच्या वर संपतात. पुस्तकात ‘लूज’ आणि ‘टाइट’ हे दोन शब्द समोरासमोर छापलेले होते. वेगळं साहित्य शोधायची गरजच नव्हती. मी पहिल्या रांगेतल्या मुलाला उभं केलं, “हिज शर्ट इज लूज,” म्हटलं. शेवटच्या रांगेतल्याला उभं केलं, “हिज शर्ट इज टाइट.” दोघं सख्खे भाऊ निघाले, आणि शर्ट एकाच ताग्यातले.

इथून पुढे वर्गाची गाडी अशी सुटली की मला आवरेना. लाज, संकोच, ‘मले नाही येत जी’ हे सगळं गेलं. मधल्या सुटीत मैदानावरून आवाज येऊ लागले: “युअर पँट इज लूज!” “युअर निकर इज डर्टी!” “युअर बटन इज गॉन!” स्वतःच्या कपड्यांबद्दल विचारलं तर अजूनही अळीमिळी गुपचिळी, शेजाऱ्याच्या कपड्यांबद्दल विचारा, इंग्रजीचा लोंढा. यात पोरांचं काय चुकलं? त्यांच्या घरातही हेच मराठीत चालतं. लग्नाहून आलेल्या आयांना जेवणात काय होतं ते आठवत नाही, पण कोणी कोणतं लुगडं तिसऱ्यांदा नेसलं ते तारखेनिशी आठवतं. आणि आम्ही मास्तरलोक केंद्राच्या बैठकीत नव्या शैक्षणिक धोरणाकडे पाहत असतो की साहेबांच्या नव्या जॅकेटकडे, हे एकमेकांना विचारू नये.

मध्यंतरी बुटाचे अवयवही शिकवून घेतले. एका मुलीला मंडईतून टाच टेकली की लुकलुकणारे बूट मिळाले होते आणि ते दाराबाहेर ठेवायला ती काही केल्या तयार नव्हती. तिच्या डोळ्यांतल्या पाण्यापुढे माझा ऑइलपेंटचा नियम टिकला नाही. बूट टेबलावर आले. हा टो, ही हील, ही टंग, हे आइलेट्स. म्हणजे बोट, टाच, जीभ आणि डोळे, असं मी म्हणताच वर्ग पुढे सरकला.

“डोरे आहेत तर पायताणाखाली काय आलं ते दिसत असन न जी?”

“जीभ आहे तर बोलत काहून नाही?”

“तळ फाटला की बोलते,” मागून एक जाणकार म्हणाला. “माझ्या भावाचा बोलते. चपचप करते.”

घरचा अभ्यास म्हणून ‘आमच्या घरातले कपडे’ लिहून आणायला सांगितलं होतं. बहुतेकांनी तक्त्यावरचे उतरवून आणले. करडीत त्या आठवड्यात निदान वीस घरांत फरचे कोट होते. एकाच मुलीची यादी वेगळी. तिचं आजोळ आंधळगावचं, कोशाच्या मागांचं गाव ते, मोहाडी तालुक्यातलंच. तिनं आजोबांना विचारून लिहिलं होतं: कोसा, ताणा, बाणा, करवतकाठी. खाली टीप: ‘आजोबा म्हणाले, करवतकाठीचं इंग्रजी गुर्जीले विचार.’ मला घाम फुटला. शोधलं तर भौगोलिक मानांकनाच्या इंग्रजी नोंदीतही ती करवतकाठीच निघाली. मी तिच्या वहीवर मोठी बरोबरची खूण केली आणि सही जरा झोकात मारली.

आणि मग तपासणी आली. साहेब जिल्ह्याहून आले, दारावरचं वाक्य त्यांनी वाचलं, शिस्तीचं कौतुक केलं आणि स्वतःचे काळेभोर, आरसा लावल्यासारखे बूट दाराबाहेर काढून आत आले. मी तिसरीच्या दारात उभा होतो. साहेबांचा डावा अंगठा मोज्यातून पूर्ण बाहेर आलेला मला दिसला. मला दिसला म्हणजे वर्गाला आधीच दिसलेला असणार, कारण पोरं सतरंजीवर बसतात. त्यांच्या डोळ्यांची आणि त्या अंगठ्याची पातळी एकच.

साहेबांनी इंग्रजीचा पेटारा उघडला. “व्हॉट इज युवर नेम?” उत्तर आलं. “व्हॉट इज धिस?” टेबल दाखवलं, उत्तर आलं. साहेब खूश. “कपडे शिकवलेत का?” मी मान हलवली, ती होकारार्थी होती की नकारार्थी हे मलाही ठरवता आलं नाही. साहेब मुलांकडे वळले आणि म्हणाले, “सांगा बरं, माझ्याबद्दल इंग्रजीत एक वाक्य सांगा. घाबरू नका.”

घाबरलो होतो तो मी एकटा. ज्यानं ‘मी त्या दिवशी शाळेतच नव्हतो’ अशी जबानी दिली होती तो उठला, हात बांधले, आणि कर्ता, क्रियापद, सगळं जागच्या जागी ठेवून म्हणाला, “सर, युवर सॉक इज टॉर्न.”

शांतता. साहेबांनी अंगठा आत ओढला. तो पुन्हा बाहेर आला. दुसऱ्या रांगेतून एक मुलगी मदतीला धावली, “वन सॉक, सर. दुसरा चांगला आहे.”

साहेब हसले, म्हणून आम्ही सगळे हसलो. शेरेबुकात त्यांनी लिहिलं, ‘मुलांची निरीक्षणशक्ती उत्तम. वाक्यरचना अचूक.’ जाताना दारात लेस बांधता बांधता हळूच म्हणाले, “घरून निघताना कळलं होतं हो. म्हटलं, बुटात कोण बघतंय.”

त्या शेऱ्यानंतर माझी वाक्यरचनेचे मास्तर म्हणून तालुक्यात जरा ख्याती झाली आणि पोरांना वाटलं की फाटकं, ढिलं, मळकं काही दिसलं की ते साहेबांना सांगायचं असतं, शेरा चांगला मिळतो. याचा प्रत्यय मे महिन्यात गावातल्या एका लग्नात आला. टळटळीत ऊन, वऱ्हाड घामानं निथळतंय, आणि नवरदेव तक्त्यावरच्या त्या मुलासारखा कोटात. कोटाच्या बाह्या बोटांवर आलेल्या, बूट मोठ्या भावाचे असावेत असे खटक खटक वाजत होते. मांडवाच्या कडेला माझा अर्धा वर्ग ओळीनं बसलेला.

“कोट इज लूज,” एकानं सुरुवात केली.

“शूज आर लूज.” अनेकवचन! बरोबर! पाठ थोपटावी की कान धरावा, मला कळेना.

“टाय इज इलास्टिक.”

माझ्या शेजारी नवरीचे वडील पाहुण्यांना जिलेबी वाढत होते. त्यांनी कौतुकानं विचारलं, “गुरुजी, इंग्रजी बोलून राहिली काय पोरं? काय म्हणून राहिली?”

“नवरदेवाची तारीफ चालू आहे,” मी म्हटलं.

ते खूश झाले आणि माझ्या पानात आणखी दोन जिलेब्या पडल्या. तेवढ्यात तो जबानीवाला थेट आमच्यापर्यंत आला, सासरेबुवांकडे एकदा बघितलं, नवरदेवाच्या कोटाकडे एकदा बघितलं आणि मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “गुर्जी, भाड्याचा म्हणायला काय म्हणतात जी?”